गोचीड तापाचे इंजेक्शन टोचण्याआधी

भाऊ, आपण पहिल्यांदाच संकरित गायी घेतल्या आहेत, म्हणून आज फक्त सुरुवातीचे सांगतो. पावसाळ्यात गाय वैरण सोडते, ताप १०४ अंश फॅरेनहाइटच्या वर जातो आणि खांद्यापुढची गाठ हाताला लिंबाएवढी लागते, तेव्हा थायलेरियाची, म्हणजे गोचिड्यांमुळे होणाऱ्या गोचीड तापाची, शंका घ्यावी. त्यावर ब्युपार्व्हाक्वोन हे औषध चालते. नवखे पशुपालक हमखास इथेच चुकतात: शेजाऱ्याच्या गाईला लाल लघवीच्या आजारात डिमिनाझिनने गुण आला, म्हणून तेच आपल्याही गाईला टोचून घेतात, पण ते बबेसिया (म्हणजे तोच लाल लघवीचा आजार) आणि सर्रा (रक्तातल्या परजीवीचा आणखी एक आजार) यांवरचे औषध आहे, थायलेरियावरचे नाही, आणि या घोळात मोलाचे दोन-तीन दिवस निघून जातात. म्हणून आधी कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावा.

दुसरी चूक वजनाची. ब्युपार्व्हाक्वोनची मात्रा किलोमागे २.५ मिलिग्रॅम असते, तेव्हा वजन नजरेने न ठरवता छातीचा घेर फितीने मोजावा आणि इंजेक्शन डॉक्टरांकडूनच मानेच्या स्नायूत द्यावे. ते सांगतील तितके दिवस दूध डेअरीला घालू नये.

गोठ्याच्या भिंतींतील भेगा मात्र आजच बुजवाव्यात. गोचिड्या तिथेच लपून राहतात.