मुलीच्या नावामागे आता कोणाचे नाव?

प्रश्न : माझे पहिले यजमान 4 वर्षांपूर्वी वारले. मी पुनर्विवाह केला असून, माझ्या 9 वर्षांच्या मुलीला आपले नाव व आडनाव द्यावे, अशी माझ्या पतींची इच्छा आहे. राजपत्रात नाव बदलले की पुरे, असे कोणी सांगतात. पहिल्या सासरची मंडळी म्हणतात, नाव बदलले तर वडिलांच्या शेतीतला तिचा वाटा बुडेल. खरे काय?
– एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : राजपत्राने नाव बदलते, नाते बदलत नाही. आपल्या पतींची ती कायद्याने मुलगी व्हावी, वारसही व्हावी, असे वाटत असेल तर रीतसर दत्तकविधानच करावे लागेल. आपण हिंदू आहात असे गृहीत धरतो. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे मूल अविवाहित व सर्वसाधारणपणे 15 वर्षांच्या आतील हवे, पतींना स्वतःची हयात मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी, आणि मुलगी दत्तक घेणाऱ्या पुरुषाचे वय तिच्यापेक्षा किमान 21 वर्षांनी जास्त हवे. ही शेवटची अट पुनर्विवाहात हमखास विसरली जाते, म्हणून वयाचे दाखले आधी ताडून पाहा. वडील हयात नसल्यामुळे मुलगी दत्तक देण्याचा अधिकार आपला आहे. आजी-आजोबांची संमती कायद्याने लागत नाही. दत्तकपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवून घ्या.

आडनावाविषयी सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये अशाच एका पुनर्विवाहित विधवेच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे, की मुलाचे आडनाव ठरवण्याचा आणि त्याला दत्तक देण्याचा अधिकार नैसर्गिक पालक या नात्याने आईचा आहे. त्या मुलालाही सावत्र वडिलांनी नोंदणीकृत दत्तकपत्राने दत्तक घेतले होते.

आता शेतीचे. सासरची मंडळी पूर्ण चूक नाहीत. वडिलांच्या मृत्यूबरोबर जो हिस्सा वारसाहक्काने मुलीकडे आला, तो दत्तक गेल्यानंतरही कलम 12 नुसार तिचाच राहतो. तिची वारसनोंद सातबाऱ्यावर झाली आहे का, हे मात्र दत्तकविधानाआधीच तपासा, कारण बदललेल्या नावाने तलाठ्याकडे खेटे घालणे कोणालाही सुखाचे नसते. परंतु आजोबा पुढे मृत्युपत्र न करता वारले, तर त्यांच्या स्वतःच्या मिळकतीत नात म्हणून मिळणारा वारसा तिला मिळणार नाही. शिवाय वैध दत्तकविधान रद्द करता येत नाही. त्यामुळे मुलीशीही एकदा मोकळेपणाने बोला. तिचे स्वतःचे नाव बदलण्याची तर मुळीच गरज नाही.

नोंदणीकृत दत्तकपत्र हाती आल्यावर प्रथम जन्मनोंदीचे पाहावे, मग शाळेचे जनरल रजिस्टर व आधार. शाळेतील बदल ती शाळेत शिकत असतानाच करून घ्या. दाखला हाती पडल्यानंतर तो फार अवघड होतो.