घोणस चावल्यावर डायलिसिस झालं, नंतर क्रिएटिनिन नॉर्मल आलं. तरी पुढे किडनी खराब होऊ शकते का?

हो, होऊ शकते. तुम्ही लिहिलंय की भावाला आठ महिन्यांपूर्वी घोणस चावली, लघवी बंद झाली, डायलिसिस करावं लागलं आणि घरी सोडताना क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) १.१ होतं. त्यानंतर एकही तपासणी नाही आणि आता त्याला सतत थकवा असतो. म्हणून आधी सांगतो: याच आठवड्यात क्रिएटिनिन, रक्तदाब आणि लघवीतल्या अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिनचं गुणोत्तर तपासून घ्या.

मी किडनीविकारांचा डॉक्टर आहे. घोणशीच्या विषाने रक्त गोठवणारे घटक भराभर खर्च होतात. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि दुसरीकडे रक्तस्राव थांबत नाही. शिवाय रक्तदाब पडतो, लाल पेशी फुटतात, विष किडनीच्या पेशींना थेटही इजा करतं. प्रतिविष फक्त अंगात फिरणारं विष निकामी करतं, आधी झालेली इजा भरून काढत नाही.

इजा किडनीतल्या सूक्ष्म नलिकांपुरती असेल तर त्या बहुधा काही आठवड्यांत सावरतात. पण किडनीचा बाहेरचा थर, कॉर्टेक्स, रक्ताअभावी मेला असेल तर तिथे कायमचा व्रण राहतो. लघवी पूर्ण बंद होती का, आणि किती दिवस, हे डिस्चार्ज कार्डावर बघा. बरेच दिवस बंद असेल तर मला दुसऱ्या प्रकाराची शंका येते.

आता त्या १.१ बद्दल. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. बरेच दिवस अंथरुणावर काढलेल्या माणसाचे स्नायू झडलेले असतात, त्यामुळे आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. त्यातच, किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या काही सूक्ष्म गाळण्या गेल्या तर उरलेल्या जास्त काम उपसतात आणि आकडा बराच काळ सांभाळून नेतात. त्या ताणाने पुढे त्याही झिजतात. याची पहिली खूण लघवीत दिसते: ते अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या वर जातं किंवा रक्तदाब वाढतो. तीन महिन्यांहून जास्त काळ ते गुणोत्तर वाढलेलं राहिलं, किंवा किडनीचा रक्त गाळण्याचा वेग (रिपोर्टात ईजीएफआर) ६० च्या खाली राहिला, तर त्याला दीर्घकालीन किडनीविकार म्हणतात. वेळीच कळलं तर रक्तदाब आणि प्रथिनगळती कमी करणारी औषधं झीज मंदावतात. खरं तर तिसऱ्या महिन्यातच ही तपासणी व्हायला हवी होती. ती सांगितली जात नाही याचं मला फार वाईट वाटतं, कारण यातले बरेच जण तरणेताठे, कष्टाची कामं करणारे असतात. सगळं ठीक आलं तरी दरवर्षी तपासा. अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणून घेऊ देऊ नका.

थकव्याचं मात्र वेगळं कारणही असू शकतं. घोणशीच्या दंशात कधीकधी मेंदूच्या तळाशी असलेली, थायरॉइडसारख्या इतर ग्रंथींना चालवणारी पिट्युटरी ग्रंथी निकामी होते आणि ते काही महिन्यांनी, कधी वर्षांनी लक्षात येतं. थकवा, थंडी सहन न होणं, दाढी विरळ होणं, लैंगिक इच्छा कमी होणं, बायकांची पाळी थांबणं अशी लक्षणं असतात. नुसत्या टीएसएचवर (थायरॉइडची नेहमीची तपासणी) विसंबलं तर हे नजरेतून निसटू शकतं, म्हणून फ्री टी४ (थायरॉइडचं संप्रेरक) आणि सकाळचं कॉर्टिसॉल (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं संप्रेरक) करायला सांगा, आणि डॉक्टरांना सर्पदंशाचं आवर्जून सांगा. कॉर्टिसॉल कमी निघालं तर त्याची गोळी आधी सुरू करतात, थायरॉइडची नंतर.