‘क्री. प्र.’ म्हणून वर्ष गेलं, आता आढावा काय लिहू? – एका जुन्या क्री. प्र.चं उत्तर

पोस्ट वाचली. डिचोलीची आहेस, पणजीच्या एका मराठी दैनिकात क्रीडा डेस्कवर २०२५ हे पहिलं वर्ष काढलंस, संपादकांनी वर्षभराच्या कामाचा आढावा मागितलाय आणि पत्रकाराच्या ओळखपत्राच्या अर्जालाही तोच जोडायचाय. कात्रणं काढायला बसलीस तर सगळीकडे ‘पणजी (क्री. प्र.)’, म्हणजे नुसतं क्रीडा प्रतिनिधी, तुझं नाव कुठेच नाही. त्यात पेपरची वेबसाइट मध्येच बदलली, जुन्या लिंक उघडत नाहीत. मुलीच्या वयाची असशील म्हणून अगं-तूगं करतो, राग मानू नकोस. यातलं वेबसाइटचं सोडलं तर बाकी सगळं माझ्यावरून गेलंय. आमच्या वेळी वेबसाइटच नव्हती.

आढावा किती पानांचा, सुरुवात कशी करायची, हे मी सांगत बसत नाही. वर्षभर रात्रीची पानं छपाईला सोडलीस म्हणजे तेवढं येतंच. आधी ओळखपत्राचं बोलू, कारण आढावा चुकला तर संपादक फार तर परत लिहायला लावतील. ओळखपत्र अडलं तर पुढचा मोसम जातो.

मला सगळ्यात महागात पडलं ते एक कार्यालय. सरकारी की एखाद्या संघटनेचं, ते सांगणार नाही. मला अजून तिथे जावं लागतं. अर्ज घेऊन गेलो तेव्हा ए-फोर कागदांवर चिकटवलेली कात्रणं होती, प्रत्येकाखाली पेनाने तारीख. खिडकीतल्या गृहस्थांनी अंगठा ओल्या स्पंजवर टेकवत एकेक पान उलटलं, प्रत्येक बातमीच्या पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं, आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, ‘हे क्री. प्र. म्हणजे तुम्हीच कशावरून?’

मी म्हटलं, मीच लिहितो. ते म्हणाले, लिहीत असाल हो, पण कागद काय म्हणतो?

संपादकांचं पत्र नेलं, तर त्यात बातम्यांच्या तारखा नाहीत. तारखा घालून नेलं, तर कात्रणं चालणार नाहीत, अंकाचं अख्खं पान हवं. आमच्या ऑफिसातल्या बांधीव फाइली काढल्या, तर नेमक्या हव्या त्या महिन्यांना वाळवी लागलेली. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन अंक शोधले, झेरॉक्स काढली, तिच्यावर शिक्का मारून घेतला. ‘मूळ प्रत म्हटलं होतं ना?’ ग्रंथालयातला मूळ अंक मी काय फाडून आणणार होतो? साहेब रजेवर, फाइल वर गेलीय, फाइल खाली आलीय, असं करता करता ओळखपत्रं मंजूर करणाऱ्या समितीची बैठक होऊन गेली. पुढची कधी? ‘कळवू.’ अजून कळवतायत. (ओळखपत्र नंतर मिळालं, पण दुसऱ्या पेपरात गेल्यावर, आणि तेही मीच पुन्हा अर्ज केला म्हणून.)

अर्जदाराकडे कागद नाहीत हे त्या माणसाला पहिल्याच दिवशी दिसत होतं. काय काय लागतं याची पूर्ण यादी तो एका कागदावर देऊ शकला असता. त्याने दर खेपेला एकच त्रुटी सांगितली. अडवणूक म्हणजे नेमकी हीच.

दरम्यान मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर मोठी फुटबॉल स्पर्धा लागली आणि ती मी तिकीट काढून स्टँडमध्ये बसून केली. पत्रकार कक्ष नाही, संघांची यादी नाही. दुसऱ्या सत्रात बदली खेळाडू उतरला, त्याचा नंबर चिखलाने भरलेला. माझ्या मागे मडगावचे एक म्हातारे गृहस्थ होते, ते नुसत्या धावण्यावरून म्हणाले, ‘हो तो सालसेतचो, डाव्या पायाचो.’ आडनाव मात्र त्यांनाही आठवेना. बाहेरच्या पीसीओवरून बातमी सांगितली, ‘बदली खेळाडूने’ गोल केला म्हणून. दुसऱ्या दिवशी बाकीच्या पेपरांत नाव, आमच्याकडे बदली खेळाडू. संपादकांनी विचारलं तेव्हा काय सांगणार, माझा क्री. प्र. असण्याचा पुरावा एका टेबलावर पडलाय म्हणून?

तर आता तू काय करायचं. (नियम दर काही वर्षांनी बदलतात, माझा अनुभव जुना आणि छापील दैनिकाचा; अर्ज करण्याआधी लागणाऱ्या कागदांची यादी लेखी मागून घे.) दर महिनाअखेरीला एक साधा तक्ता कर: तारीख, पान, मथळा, किती कॉलम, मैदानावर होतीस की प्रेस नोटवरून केलीस. त्यावर क्रीडा संपादकाची सही आणि ऑफिसचा शिक्का घे. डिसेंबरात बारा महिन्यांवर एकदम सही मागशील तर कुठलाही शहाणा माणूस कचरेल, महिन्याच्या महिन्याला कुणी नाही म्हणत नाही. गेल्या वर्षाचं जमेल तेवढं आत्ताच कर, लोकांना अजून आठवतंय तोवर. आणि ज्या दिवशी तुझी बातमी लागली, त्याच रात्री पान लावणाऱ्याकडून पानाची पीडीएफ मागून घे. ई-पेपरच्या लिंकवर विसंबू नकोस, ते तू भोगतेच आहेस. पीडीएफ स्वतःच्या मेलवर पाठव. ऑफिसच्या संगणकावर ठेवशील तर तो संगणक एक दिवस नवीन येतो, आणि जुना कुठे गेला ते कुणालाच माहीत नसतं.

शोधाशोध करताना एक लक्षात ठेव. आपल्याकडे एकाच खेळाडूचं आडनाव तीन प्रकारे छापलं जातं: कुलासो, कोलासो, कुलाको. एकाच स्पेलिंगने शोधून ‘माझी बातमी नाहीच’ असं ठरवू नकोस.

आता आढावा. इथे माझं मत जरा कडक आहे, पटलं नाही तर सोडून दे.

बहुतेक आढावे ऑक्टोबर ते डिसेंबरचे असतात, नाव फक्त वर्षाचं. २०२५ मध्ये तर हा मोह भारीच. २२ ऑक्टोबरला रोनाल्डोचा सौदी क्लब अल नासर फातोर्ड्याला खेळला, रोनाल्डो आलाच नाही, एफसी गोवा १-२ ने हरला, आपल्या ब्रायसनचा गोल तेवढा लक्षात राहिला. लगेच फुटबॉलचा सुपर कप, आणि त्याच दिवसांत हडफड्याला बुद्धिबळाचा विश्वचषक: २०६ खेळाडू, गुकेश तिसऱ्या फेरीत बाहेर, अर्जुन एरिगैसी उपांत्यपूर्व फेरीत, शेवटी उझबेकिस्तानचा सिंदारोव विजेता. मग ७ डिसेंबरला एफसी गोवाने ईस्ट बंगालला टायब्रेकरवर हरवून सुपर कप राखला. हे सगळं तू लिहिशीलच, पण हे सगळ्या देशाने लिहिलंय. संपादकांनी विचारलंय ते तुझं वर्ष.

तेव्हा जानेवारी ते मे कुठे गेले ते शोध. तालुका पातळीवरच्या शालेय स्पर्धा, पेडेच्या संकुलातला टेबल टेनिस, धुळेरची दुपारची लीग मॅच, जिथे प्रेक्षकांपेक्षा राखीव खेळाडू जास्त असतात. ‘यात काय लिहिण्यासारखं?’ असं वाटतं, म्हणून पर्वरीचं उदाहरण देतो. नोव्हेंबर २०२४, रणजी क्रिकेटचा प्लेट म्हणजे खालचा गट, अरुणाचल प्रदेश ८४ मध्ये गारद. कुणी ढुंकूनही बघू नये असा सामना. त्यात कश्यप बखले नाबाद ३००, स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, तिसऱ्या विकेटसाठी ६०६ ची अखंड भागीदारी, रणजीच्या इतिहासातली सर्वांत मोठी, आणि गोव्याचा डाव २ बाद ७२७ वर घोषित. त्या दिवशी ज्याला ‘प्लेटचा सामना आहे, फोनवर स्कोअर घे’ असं सांगितलं असेल, त्याच्या मनात काय झालं असेल ते त्यालाच माहीत. आढाव्यात असे रिकामे दिवस दिसू देत, तू कुठे बसली होतीस ते दिसू दे.

दुसरं म्हणजे, अर्धवट सुटलेल्या बातम्या. हे कुणी लिहीत नाही, आणि आढाव्याचा खरा उपयोग इथेच आहे. तू वर्षभरात ‘लवकरच’, ‘पुढील महिन्यात’, ‘आश्वासन दिले’ असं किती ठिकाणी लिहिलंस ते काढ, आणि प्रत्येकापुढे काय झालं ते एका ओळीत लिही. एफसी गोवाने चषक उचलला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ८ डिसेंबरला, आयएसएल या देशातल्या मुख्य फुटबॉल लीगच्या हक्कांचा करार संपला, आणि तोवर लीगचा नवा मोसम सुरूच झाला नव्हता. त्या आठवड्यात क्लबच्या खालच्या माणसांचं काय चाललं होतं, फिजिओ, किटमन, ज्युनिअर संघाचे प्रशिक्षक? तुझ्या वहीत यातलं काही असेल तर तोच तुझा आढावा.

आश्वासनांबाबत आम्ही चांगलेच पोळलोय. कित्येक वर्षं आमच्या वार्षिक आढाव्याचा शेवटचा परिच्छेद ठरलेला असायचा: पुढील वर्षी गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा. आपल्याला मिळालेली ३६ वी स्पर्धा लांबत लांबत २०२२ मध्ये गुजरातला झाली, आणि गोव्यात ३७ वी झाली ती २६ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर २०२३ या काळात. तो परिच्छेद कुणीतरी पहिल्याच वर्षी ‘गेल्या वर्षीही हेच लिहिलं होतं’ असा सुरू करायला हवा होता.

विषय निघालाच आहे तर प्रेस नोटवरही बोलून घेतो. आयोजकांची नोट येते: अमुक यांच्या हस्ते उद्घाटन, तमुक सन्माननीय अतिथी, व्यासपीठावर अध्यक्ष, सचिव, खजिनदार, पंच, सरपंच. फोटोत बारा माणसं उभी, आणि कप हातात घेतलेली मुलगी कडेला अर्धी कापलेली. तिचं पूर्ण नाव नोटमध्ये नाही. रात्री दहाला सचिवांना फोन केला तर म्हणतात, ‘तुम्ही घाला तसंच.’ सचिवांना फोन करूच नकोस. शाळेच्या पीटी सरांचा नंबर ठेव, त्यांना मुलीचं नावच काय, तिच्या बाबांचा टेम्पो कुठल्या स्टँडवर असतो तेही माहीत असतं. अशा नंबरांची वही म्हणजे तुझी खरी वर्षाची कमाई. आढाव्यात ती दाखवता येत नाही, तरी संपादक जुने असतील तर त्यांना कळेल.

जाता जाता: फातोर्ड्याचा साडेसातचा सामना संपवून पणजीत येऊन पान गाठायचं असेल, तर झुवारीचा नवीन पूल झाल्यापासून लोक म्हणतात आरामात होतं. एखाद्या रात्री होतं. मैदानातच बातमी पाठव, पहिल्या सत्रानंतर अर्धी लिहून ठेव. आणि एकटी असशील तर परतीची सोय ऑफिसकडून लेखी मागून घे, त्यात संकोच कसला?

शेवटी तू विचारलंयस, बातमीवर नाव मागू का, वरिष्ठांना राग येईल का. माग. सगळ्याच बातम्यांवर नको, निकालाच्या बातमीवर नाव असून उपयोगही नसतो. तू स्वतः जाऊन, माणसांशी बोलून आणलेली महिन्यातून एक-दोन असतीलच, तेवढ्यांवर माग. एखादे वरिष्ठ ‘आमच्या वेळी नव्हतं असलं काही’ म्हणतील. नव्हतंच, आणि त्याचं काय झालं ते वर लिहिलंय. हो म्हणाले, तर तुझं नाव-आडनाव ऱ्हस्व-दीर्घासकट कागदावर लिहून पान लावणाऱ्याच्या टेबलावर चिकटव, नाहीतर पहिल्याच बायलाइनला तुझाही कुलाको होईल.