सगळं ऑनलाइन दिसत असताना जुन्या अ‍ॅनिमेशनपटांच्या स्पेशल एडिशन डिस्क घ्याव्यात का?

आवडत्या चित्रपटाची जरूर घ्या. फक्त खोक्याला भुलू नका, आत काय आहे ते बघा. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’च्या २००२च्या डीव्हीडीत १९९१च्या न्यूयॉर्क फिल्म फेस्टिव्हलमध्ये दाखवलेली अपूर्ण प्रतही आहे. मध्येच रंग जातो आणि पडद्यावर नुसती पेन्सिलची रेखाटनं हलू लागतात. अ‍ॅनिमेशन कसं घडतं हे इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं! ‘स्लीपिंग ब्यूटी’ २००८ साली २.५५:१ (उंचीच्या २.५५ पट रुंद) अशा पूर्ण रुंदीत आला, तोही घेण्यासारखा. उलट ‘सिंड्रेला’च्या ब्लू-रेवर सफाई इतकी केली की ग्रेनबरोबर (फिल्मवरच्या बारीक कणांबरोबर) रेषांचे बारकावेही गेले. म्हणून ‘रिस्टोअर्ड’ वाचून लगेच पैसे देऊ नका; दोन आवृत्त्यांतली एकच फ्रेम शेजारी ठेवून केसांच्या, कपड्यांच्या रेषा ताडून बघा.