खाणीजवळच्या विहिरीचं पाणी: तेच तेच प्रश्न, एकदाच उत्तरं

भूमिगत कोळसा खाणीच्या आसपास राहणाऱ्यांचे बरेच मेसेज साठलेत आणि त्यातल्या निम्म्यांचा गोंधळ एकच आहे, म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तर देतेय.

खाणीचं पाणी विहिरीत उतरतंय अशी शंका आहे. उकळून प्यायलं तर चालेल?

नाही. उकळून जंतू मरतात, क्षार आणि धातू तसेच राहतात.

टीडीएस मीटर ३५० दाखवतं. म्हणजे पाणी चांगलं ना?

विरघळलेले क्षार फार नाहीत, एवढंच कळलं. मीटर खरं तर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून अंदाजाने टीडीएस दाखवतं. फ्लोराइड, आर्सेनिक, जंतू यातलं काहीही त्याला वेगळं दिसत नाही. पण मीटर टाकून देऊ नका, दर आठवड्याला त्याच विहिरीचा आकडा लिहून ठेवा आणि तो सारखा चढायला लागला तर लॅबकडे जा.

फिल्टरवाल्याने आमच्या पाण्यात दोन सळ्या सोडून वीज लावली, मिनिटभरात तपकिरी गाळ झाला. त्याच्या मशीनच्या पाण्यात काहीच झालं नाही. हा खाणीचाच गाळ का?

तो गाळ सळ्यांचा आहे हो! लोखंडाची सळी विजेमुळे विरघळते आणि गंज तयार होतो. मशीनच्या पाण्यात क्षार फारच कमी असतात, त्यातून वीज फारशी वाहत नाही म्हणून ते स्वच्छ राहतं. त्याच पाण्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग परत करायला सांगा, तेही तपकिरी होईल. ही युक्ती इतकी जुनी आहे आणि तरी दर महिन्याला कोणीतरी घाबरून मशीन घेतंच, याचा मला खरंच राग येतो. आधी लॅबचा रिपोर्ट, मग मशीन लागतं का आणि कुठलं ते बघू.

पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग येतो, भांडी लाल पडतात. खाणीतलं डिझेल असेल का?

काडीने तवंग हलवून बघा. पापुद्र्यासारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर बहुतेक लोहाचे जीवाणू, फिरून परत एकत्र आला तर तेल. भांडी लाल पडतात म्हणजे लोह आहेच. ते खाणीतून आलंय का हे मात्र नुसत्या रंगावरून ठरत नाही, कारण लोह जमिनीत मुळातच असू शकतं. कोळशाबरोबर बऱ्याचदा पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, असतं, त्याला हवा-पाणी लागलं की आम्ल, सल्फेट आणि लोह तयार होतं, म्हणून सल्फेट तपासायलाच पाहिजे. "पीएच ७ आला म्हणजे खाणीचा संबंध नाही" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, वाटेत चुनखडी असेल तर आम्ल मरतं पण सल्फेट राहतं. तेलाची शंका असेल तर ते पाणी वापरू नका, तपासून घ्या.

खाणीचं काम आमच्या बाजूला यायला अजून दीड वर्ष आहे. पाणी गेलं की तक्रार करूच, आत्तापासून मोजून काय करायचं?

हे वाचलं की जीव तुटतो. पाणी गेल्यावर तुमच्या हातात काहीच नसतं. विहीर आटली ती खाणीमुळे, की पाऊस कमी झाला म्हणून, की शेजारी नवीन बोअर झाली म्हणून, हे आटलेल्या विहिरीकडे बघून कोणीच सांगू शकत नाही, मी पण नाही. त्याला आधीच्या नोंदी लागतात, निदान एक पूर्ण वर्षाच्या, म्हणजे ओला आणि कोरडा काळ दोन्ही त्यात येतात. गेलेलं वर्ष नंतर मोजता येत नाही.

खाली काय होतं ते समजून घ्या. खाण कोरडी ठेवायला सतत उपसा चालतो, त्यामुळे आजूबाजूच्या थरांतलं पाणी खाणीकडे ओढलं जातं. कोळसा काढून छत पाडत पुढे जातात तिथे वरचा खडक कोसळतो, भेगा वर चढतात, जमीन खचते. पण मध्ये चिकणमातीसारखा जाड थर शाबूत राहिला तर उथळ विहिरीला त्याचा पत्ताही लागत नाही. कधी उलट होतं, खचताना खडकात नवीन पोकळ्या होतात, पाणी त्या भरायला जातं, विहिरीची पातळी एकदम पडते आणि काही ठिकाणी काही महिन्यांत बरीचशी परत येते. म्हणून वेगवेगळ्या खोलीचे पिझोमीटर लागतात, म्हणजे एकाच थरातली पातळी दाखवणारी बारीक बोअर, आणि खाणीपासून लांबची एखादी विहीरही तुलनेला लागते. कुठे आणि किती खोल हे भूजलतज्ज्ञाने जागा बघूनच ठरवायचं.

तुम्ही आजपासून करायचं ते सोपं आहे. कठड्यावर रंगाने एक खूण करा, दर वेळी तिथूनच टेप सोडा, पहाटे पंप लागायच्या आधी, आणि तारीख, वेळ, पाऊस, शेजारचा पंप चालू होता का हे सगळं लिहा. परवा एकांनी आठ महिन्यांच्या वहीचे फोटो पाठवले. मध्येच एका आठवड्यात पाणी ७० सेंटीमीटर वर आलेलं, पाऊस नसताना! बघते तर तिथून अक्षर बदललेलं. भाऊ मोजायला लागला होता आणि त्याने कठडा सोडून जमिनीपासून मोजलं, कठडा बरोबर ७० सेंटीमीटर उंच. अक्षर वेगळं होतं म्हणून वही वाचली, नाहीतर आठ महिने पाण्यात गेले असते.

लॅबसाठी सॅम्पल कसं घ्यायचं?

कोल्ड्रिंकच्या बाटलीत नको. बाटल्या लॅबकडूनच मागा, धातूंसाठी आम्ल घातलेली वेगळी असते. बोअरमध्ये उभं असलेलं शिळं पाणी आधी काढून टाका, साधारण तिप्पट उपसलं की पुरे, आणि पीएच, तापमान जागेवरच मोजायला लावा, वाटेत बदलतात. जमलं तर लॅबच्याच माणसाला बोलवा.

खाण बंद झाली, पंप थांबले, विहिरीला पाणी परत आलं. आता मोजणं थांबवायचं ना?

अजिबात नाही. इतकी वर्षं कोरड्या राहिलेल्या बोगद्यांच्या भिंतींवर क्षार साठलेले असतात, वर चढणारं पाणी ते सगळे विरघळवत येतं, त्यामुळे सुरुवातीचं पाणी बऱ्याचदा सगळ्यात वाईट असतं. खाण पूर्ण भरायला वर्षानुवर्षं लागू शकतात. पातळी लिहीत राहा, आणि सल्फेट-लोहाची तपासणी किती दिवसांनी करायची ते तज्ज्ञाला विचारून ठरवा.

बोअरमधून बुडबुडे येतात, पंपाच्या खोलीत कसलाच वास नाही. काळजीचं काही?

हो. मिथेनला वास नसतो. दार सताड उघडं ठेवा, काडी ओढू नका, पंपाचं बटणही दाबू नका, जवळपास उघडी विहीर असेल तर तिच्यात कोणाला उतरू देऊ नका आणि खाणीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला लगेच फोन करा. मला मेसेज नंतर केला तरी चालेल.