प्रबंधाला टाइम्स न्यू रोमन हाच फाँट का मागतात? जॉर्जियात दिला तर काय बिघडतं?

विद्यापीठाच्या मनात काय असतं ते विद्यापीठालाच ठाऊक. पण जॉर्जियाने काय बिघडतं ते मी सांगू शकतो, कारण आमच्या घरात ते एकदा बिघडलं आणि वीस वर्षं झाली तरी निस्तरलेलं नाही.

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात बाबांचा छापखाना होता. अक्षरांचे शिशाचे खिळे हाताने जुळवायचे, ट्रेडल, म्हणजे छपाईचं यंत्र, पायाने चालवायचं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळेच्या प्रश्नपत्रिका. पुढे दादाने कॉम्प्युटर आणला. मग आम्ही बटर पेपरवर प्रिंट काढून यवतमाळहून ऑफसेटवर छापून आणू लागलो.

२००४ साली गावातल्या एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल आमच्याकडे आला. मराठी मजकूर श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये, सीएने दिलेला ताळेबंद इंग्रजीत. ताळेबंद मी टाइम्स न्यू रोमनमध्ये लावला. सगळा अहवाल मोजून सोळा पानांत, म्हणजे एका फर्म्यात (एकदम छापून दुमडायच्या एका मोठ्या कागदात) बसला. रात्री दादाने माझ्या मागे तो ताळेबंद जॉर्जियात बदलला. म्हणे, "टाइम्स तं कोर्टाच्या कागदावर असते. हा नवा हाय, भरीव दिसते."

दिसतो भरीव, कारण रुंद आहे. ताळेबंदाची दोन पानं वाढली. फर्मा आधीच भरलेला, तेव्हा ती दोन पानं वेगळी छापून आत चिकटवावी लागली.

आता आकड्यांचं ऐका. जॉर्जियातले ३, ४, ५, ७, ९ हे इंग्रजी आकडे ओळीच्या खाली उतरतात. ०, १, २ बुटके, शून्य तर छोट्या 'ओ'सारखं. ६ आणि ८ वर डोकं काढतात. शिवाय प्रत्येकाची रुंदी वेगळी. एक अरुंद, शून्य ऐसपैस. वाक्यात अधूनमधून साल आलं तर हे सुंदर दिसतं. रकान्यात मात्र एककाखाली एकक येत नाही. टाइम्सचा प्रत्येक आकडा नेमका अर्ध्या एमचा (एम म्हणजे टाइपाच्या आकाराइतकी रुंदी), सगळे एका उंचीचे, एकाच ओळीवर उभे. रकाना आपोआप सरळ येतो. बाबांच्या केसमधले, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतले, आकड्यांचे खिळेही एकाच जाडीचे होते, म्हणून त्यांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आमसभा शाळेच्या टिनाच्या शेडमध्ये भरली. थकबाकीचा आकडा होता ३,७५,९४०. त्यातला शून्य सोडला तर प्रत्येक आकडा खाली लोंबणारा. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या सभासदाने पान डोळ्यांजवळ नेलं आणि उभं राहून विचारलं, "हे आकडे खाली काऊन लोमकळले जी? मागून घातले काय?" दुसऱ्याने चिकटवलेलं पान ओढून दाखवलं. झालं. अर्धा तास सभा थांबली. सचिवाने घरून सीएची सही-शिक्क्याची मूळ प्रत आणवली आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. एका पैशाचा फरक नव्हता. तरी ज्यांच्या डोक्यात खाडाखोड बसली, त्यांच्या डोक्यातून ती गेली नाही. पुढच्या वर्षी ते काम दुसऱ्या छापखान्यात गेलं.

दादाचं म्हणणं आजही तेच, की लोकांना हिशेब कळत नाही त्याला फाँट काय करणार. मी म्हणतो, तो म्हातारा अडाणी नव्हता. जन्मभर जिनिंगच्या काटापट्ट्या आणि सोसायटीच्या पावत्या वाचलेला माणूस होता तो. ओळ सोडून बसलेला आकडा संशयाचा असतो, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. चूक छापणाऱ्याची होती.

टाइम्सला कंटाळवाणा म्हणणाऱ्यांनी तो कशासाठी घडला ते बघावं. लंडनच्या 'द टाइम्स'ची छपाई मागासलेली आहे, असं छपाईच्या अक्षरांचा जाणकार स्टॅनली मॉरिसनने १९२९ मध्ये त्यांना तोंडावर सुनावलं. मग त्यांनी त्यालाच कामाला लावलं. अक्षरं व्हिक्टर लार्डंट या चित्रकाराने रेखाटली आणि ३ ऑक्टोबर १९३२ चा अंक नव्या टाइपात निघाला. अंग अरुंद, पण छोट्या अक्षरांचं पोट मोठं, म्हणून कमी जागेत जास्त शब्द मावतात आणि तरी वाचता येतात. ज्याला कागद विकत घ्यावा लागतो त्याला याची किंमत कळते. आणि दादा हिणवत होता ते कोर्ट म्हणाल, तर २०२० पासून सर्वोच्च न्यायालयात दाखल करायच्या कागदांना टाइम्स न्यू रोमन, १४ आकार, असंच ठरलेलं आहे.

आता एक कबूल करतो. जॉर्जिया वाईट फाँट नाही. मॅथ्यू कार्टर या फाँट घडवणाऱ्याने तो कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी काढला, १९९६ मध्ये आला, आणि पडद्यावर तो टाइम्सपेक्षा सुखाचा वाचवतो. टाइम्सच्या बारीक रेषा जुन्या मॉनिटरवर तुटायच्या, हलक्या कागदावर आजही तुटतात. तुमच्या प्रबंधात नुसता मजकूर असेल आणि गाइड ऐकणारे असतील, तर विचारून बघा. पण तक्ते असतील तर निदान तक्ते टाइम्समध्येच ठेवा, आणि बांधणीला देण्याआधी एक तक्ता कागदावर काढून रकान्याला पट्टी लावून बघा.

दादा हे उत्तर वाचेल, त्याच्या मुलाने त्याला लिंक पाठवली असेलच. त्या अहवालाची एक प्रत माझ्या कपाटात आहे, चिकटवलेल्या पानासकट. पोळ्याला घरी येशील तेव्हा पट्टी मी देतो.