रिव्हॅल्युएशनचे गठ्ठे आणि उडालेली झोप

प्रश्न: ताई, विद्यापीठाच्या परीक्षा विभागात १४ वर्षं क्लार्क आहे. आधी रिझल्ट वेळेत लागला की भारी वाटायचं, आता रिव्हॅल्युएशनचे गठ्ठे बघूनच पोटात गोळा येतो, रविवारीसुद्धा झोप नाही. आळशी झालेय का मी?

उत्तर: अगं आळशी कसली! हा बर्नआउट वाटतोय, डब्ल्यूएचओने म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीत तो कामाशी जोडलेला प्रकार म्हणून घेतलाय, आजार म्हणून नाही बरं का. गळून जाणं, कामाचा तिटकारा, आपल्याला काही जमत नाही असं वाटणं, ही त्याची लक्षणं. पण आधी डॉक्टरकडे जा, थायरॉईड नि हिमोग्लोबिन बघून घे, थकवा त्यानेही येतो. आणि नुसती रजा काढून परत त्याच गठ्ठ्यांपुढे बसलीस तर काय उपयोग, सीझनला जादा माणूस साहेबांकडे लेखी माग.